दारात उभं केलेलं ऊन

लातूरचा जिल्हा झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात उन्हालाही बढती मिळाली. तालुका होता तोवर ते तालुक्यापुरतं तापायचं. आता ते जिल्ह्याच्या मानाने तापू लागलं. पाऊस आधीच्या पावसाळ्यात घाईतल्या पाहुण्यासारखा येऊन गेला होता, चपलासुद्धा न काढता. कावळे उडायचं सोडून भिंतीच्या कडेकडेने पायी चालत. दुपारी विजेच्या खांबाची सावली खांब सोडून ओसरीवर येऊन बसे, आणि घरच्यांनी किती हाकललं तरी हलत नसे. खोटं वाटलं तर गोलाईच्या बाजारातल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारावं. तो याहून मोठं सांगेल.

अशा उन्हात रेवणप्पाने एक पराक्रम केला. रेवणप्पा म्हणजे गुळाचा अडत्या, आवाजाने ढोल आणि मनाने लोणी. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत गावोगावचे साहेबलोक येत होते आणि डोकं टेकायला जागा शोधत फिरत होते. त्यातल्या एका साहेबाला रेवणप्पाने भर गोलाईत, चारचौघांदेखत, आपली अख्खी माडी देऊन टाकली.

"जिल्हा आपल्या माडीवर राहायला आलाय," असं सांगत तो घरी आला.

पार्वतम्मा, त्याची बायको, तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"लई बेस केलं. अन रुद्राणी कुठं निजल?"

तेव्हा कुठे रेवणप्पाला आठवलं की त्याची एकुलती एक लेक देगलूरला दिली आहे, तिला दिवस गेलेत, आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची आहे. तिच्यासाठी ठेवलेली खोली म्हणजेच ती माडी.

"तळघर हाय की," तो म्हणाला. आवाजातला ढोल जरा फुटला होता.

तळघर होतं खरं. गुळाच्या ढेपा ठेवायला त्याच्या आजाने खणलेलं. त्या साली ऊसच नव्हता, तर गूळ कुठला! तळघर रिकामं होतं, तिथे फक्त गुळाचा वास राहत होता. त्याला दोन दारं. एक स्वयंपाकघरातून पायऱ्या उतरून जायचं, आणि दुसरं मागच्या बोळात उघडणारं, गाड्यांवरून ढेपा उतरवायचं. हे बोळातलं दार लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेलं आणि तोंडाने थेट पश्चिमेला. दुपार कलली की सूर्य समोर येऊन उभा राही आणि त्या पत्र्याशी बोलत बसे. पार्वतम्मा ज्वारीचे पापड त्या पत्र्याला बाहेरून टेकवून ठेवी. बोळातून कुणी हाक मारली आणि ती दोन शब्द बोलून परतली, की पापड भाजून तयार. एक चिमणी चुकून कडीवर बसली, ती उडाली ती थेट औशाला जाऊन थांबली म्हणतात.

माहेरी बाळंतपण करायची रीत असली तरी रुद्राणीची सासू महादेवम्मा रीतीपुढे मान तुकवणारी नव्हती. आधी जागा बघते, मग सून धाडते, असं म्हणून ती एसटीने लातूरला आली. बाई ठेंगणी, पण उभी राहिली की घर तिच्याभोवती वाकल्यासारखं वाटे. गुडघ्यांसाठी खोबरेलाची बाटली तिच्या पिशवीत कायम असे. तळघरात बसून तिने बाटली उघडली, तर तेल उकळत्या आमटीसारखं बाहेर आलं. मग तिने मुकाट्याने उठून बोळाच्या दाराला हात लावला आणि तो लागलीच तोंडात घातला.

"इवाई," ती रेवणप्पाला म्हणाली, "ही खोली हाय का भट्टी?"

"आवो ईनबाई, वाळ्याचे पडदे लावतो की! पाणी मारलं की एकदम..."

"पाणी कुठनं आणता? तुमच्या बोळात येताना मी घागरींची रांग पाह्यली. रांगेला शेपूटच न्हवतं." ती पायऱ्या चढू लागली. "पुनवंला परत येते. तवर हे थंड झालं तर रुद्राणीला घेऊन जा. न्हाईतर बाळंतपण देगलूरलाच. साकु!"

'साकु' म्हणजे पुरे, एवढं कानडी रेवणप्पाला घरातच येत होतं. जेवताना नव्हे, पण भांडताना त्याच्या घरात तीच भाषा चाले.

महादेवम्मा गेली. पार्वतम्मा रडली नाही, ओरडलीही नाही. रेवणप्पाला तेच जास्त लागलं. लेकीच्या बाळंतपणासाठी तिने डिंक, खारका, बाळंतशोपा आणून डब्यांत भरून ठेवल्या होत्या. ते डबे तिने एकदा खाली काढले, पुसले आणि परत वर ठेवले. बस. रेवणप्पाला वाटलं, हिने आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात पाट घेऊन बसली आणि दुपारभर त्या दाराकडे बघत राहिली. देवाकडे बघावं तसं.

"काय बघायलीस?" रेवणप्पाने वरून विचारलं.

"चोर."

"कुठाय चोर?"

"ऊन. भिंतीला हात लावा बरं. गार हाय का न्हाई? जमीन बी गार. थंडी हितं आधीपासूनच बसलेली हाय, आवं. आपल्याला थंडी आणायचीच न्हाई. त्या एका दारातनं ऊन आत येतंय, तेवढं भायेर थांबवायचं."

रेवणप्पा खाली आला. त्याने भिंतीला हात लावला, मग गाल लावला. बायकोकडे बघितलं. बावीस-पंचवीस वर्षं ही बाई आपल्या घरात भाकऱ्या थापते आहे आणि आपण गुळाचे भाव सांगत बसलो, असं त्याच्या मनात आलं. पण ते बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. त्याऐवजी त्याने छाती ठोकली.

"हे काम माझ्यावर सोड. येळवशीच्या सणाला शेतात कडब्याची कोप करतो न्हाई का आपण? आत बसलं की कसं गार वाटतं! दाराला तशी कोपच बांधतो."

"आवं, येळवस भर थंडीत असती. तवा कोपीच्या भायेर बी गारच असतं."

पण तो निघालाच. दुष्काळात कडबा बघायला मिळणं म्हणजे देवदर्शन. रेवणप्पाने ओळखी लावून, कुणाचे पाय धरून, कुणाचे हात धरून, निलंग्याकडून बैलगाडीभर पेंढ्या आणल्या. दाराच्या बाहेरून त्या अशा ओळीने बांधल्या की दार नवरदेवासारखं दिसू लागलं. आणि खरं सांगायचं तर ते चांगलं जमलं होतं. त्या दिवशी पत्र्याचा चटका निम्म्याने उतरला. रेवणप्पा गोलाईत जाऊन चार जणांना सांगून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तळघरात जरा आडवा झाला होता. दाराबाहेर सावकाश, जिवाच्या सुखाने चाललेला आवाज येत होता. कर्रम, कर्रम, कर्रम. त्याला वाटलं वाळवी. वाळवी एवढ्या मोठ्याने श्वास घेत नाही हे लक्षात यायला त्याला वेळ लागला.

बाहेर ज्ञानोबाची म्हैस उभी होती. ज्ञानोबा बोळाच्या टोकाला राहणारा दूधवाला. त्याच्या म्हशीच्या फासळ्यांवरून त्या उन्हाळ्यात कुणीही पाढे म्हणावेत अशी तिची दशा. तिने अर्ध्या दाराचा फडशा पाडला होता आणि उरलेल्याकडे ती प्रेमाने बघत होती.

"ज्ञानोबा! आरं तुझ्या म्हशीनं माझं दार खाल्लं!"

ज्ञानोबा धावत आला, बघितलं आणि डोक्याला हात लावायचा सोडून त्याने तो म्हशीच्या पाठीवरून फिरवला. "आप्पा, तिची काय चूक? सहा महिन्यांत तिनं कडबा सपनात सुदिक पाह्यला न्हाई. अन तुमी तो दाराला तोरणावाणी बांधला."

"दार हाय ते!"

"तिला कोण सांगनार? तिला वाटलं सरकारनं बोळात छावणी काढली."

त्या संध्याकाळी त्या म्हशीने इतकं दूध दिलं की ज्ञानोबाने शेजारच्यांची भांडी मागून आणली, असं सांगतात. बातमी जनावरांत कशी पसरते कुणाला ठाऊक, पण दुसऱ्या सकाळी बोळात दोन गाई, एक खोंड आणि कुणाची तरी भाकड म्हैस रांग धरून उभ्या होत्या, घागरींच्या रांगेपेक्षा शिस्तीत. रेवणप्पा काठी घेऊन निघाला. पार्वतम्माने त्याला दारातच अडवलं.

"खाऊ द्या."

"अगं पर दार..."

"त्यांच्या तोंडचा घास दाराला बांधला तवाच चुकलं. खाऊ द्या अन पुण्य घ्या."

रेवणप्पा पायरीवर बसला आणि आपलं दार चार तोंडांनी नाहीसं होताना बघत राहिला. गोलाईत लोक विचारू लागले, "काय आप्पा, दार उपाशी हाय का जेवलं?" त्याने दोन दिवस दुकानाचं फळकुट उघडलं नाही. पुनव मात्र कुणासाठी थांबत नव्हती.

पार्वतम्माने ज्ञानोबाला बोलावलं.

"ज्ञानोबा, असं काय हाय जे तुमची म्हैस उपाशी मेली तरी तोंडात घेणार न्हाई?"

ज्ञानोबाने डोकं खाजवलं. "दगूड."

"हलकं सांगा. भुसभुशीत."

"मग करडीचं भुसकट. निसते काटे. खळ्यावर ढीग पडलाय, कुनी इचारत न्हाई. पर ताई, ते घेऊन काय करनार? निजनार हाव का त्याच्यावर?"

"दाराला निजवणार हाय," पार्वतम्मा म्हणाली.

ज्ञानोबा पोत्यांनी भुसकट घेऊन आला. म्हैसही मागे मागे आली, वास घेतला आणि शिंकून परत गेली. पार्वतम्माने तेवढ्यावर ओळखलं की माल बरोबर आहे. तिने गोणपाटाच्या दोन पदरांमध्ये ते भरलं आणि गोधडीसारखे टाके घातले, म्हणजे भुसकट सगळं तळाशी बसायचं नाही. भरताना काटे टोचत होते. तिने हाताला फडकं गुंडाळलं. रेवणप्पाने मदत म्हणून एकच पोतं बडवलं आणि त्यानंतर आठवडाभर तो बसताना आधी विचार करी.

पण ती गोधडी पत्र्याला चिकटवून ठोकायला तो निघाला, तशी तिने त्याचा हात धरला.

"चिकटून नको. मधी चार बोटं जागा ठेवा."

"कशाला? वाया जागा!"

"तव्याला चिकटली की भाकर भाजती. वर धरली तर भाजती का?"

रेवणप्पाने चार बोटं मोजली. लाकडी पट्ट्या मारून आतून दुसरी चौकट केली, तिच्यावर ती काटेरी गोधडी ताणली, वरून जुनं घोंगडं. बाहेरच्या पत्र्याला चुन्याचे हात दिले, इतका पांढरा की सूर्याने तिकडे बघितलं की त्याचेच डोळे दिपत. दाराखालच्या फटीला सायकलची जुनी ट्यूब कापून पट्टीसारखी ठोकली. सगळं झाल्यावर तिने गोधडीसकट दारातून पंजाएवढं भोक पाडलं आणि त्याला आतून भरलेली झडप बसवली.

"हे काय गं? एवढं बुजवलं, अन आता भोक?"

"दार हाय ते, भिंत न्हाई," ती म्हणाली.

तरी चोर कुठून तरी येतच होता. आत बसलं की दुपारी पायाला गरम फुंकर लागे, आणि कुठून ते कळत नसे. मग पार्वतम्माने जे केलं ते लिंगायताच्या घरातच सुचावं. सकाळी पूजा झाल्यावर ती विभूती घेऊन खाली आली आणि दाराच्या चारी बाजूंनी, जिथे जिथे दार चौकटीला टेकत होतं तिथे तिथे, चौकटीवर तिची बारीक रेघ ओढली. दुपारचा वारा सुटला, पडला. संध्याकाळी तिने दिवा धरून बघितलं. रेघ सगळीकडे जशीच्या तशी. फक्त वरच्या बिजागरीपाशी आणि कडीच्या खाली ती पुसून गेली होती.

"हे बघा चोराचे पाय," ती म्हणाली आणि तिथे चिंध्या कोंबल्या.

रेवणप्पाने खाली वाकून ती पुसलेली रेघ बघितली. रोज कपाळाला लावायची चिमूटभर राख, तीच जन्मभर आपणही लावली. आपल्या कपाळावर ती नुसती बसली, हिच्या हातात ती शिपाई झाली. या खेपेला त्याला राहवलं नाही.

"पार्वते, तू गुळाच्या धंद्यात असतीस तर मी तुझा हमाल असतो."

"अजून बी हावच की," ती म्हणाली. "ती पोती वर ठेवा."

आता या विभूतीचा एक घोटाळाही झाला. बोळातून जाणाऱ्यांनी पांढरंशुभ्र दार आणि फटीतून बाहेर आलेली भस्माची रेघ बघितली, आणि आत काही तरी जागृत आहे अशी कुजबुज सुरू झाली. लोक दारासमोर चपला काढू लागले. एकीने तर पाऊस मागून नारळ ठेवला. तो नारळ रेवणप्पाने खाल्ला. पाऊस नाही आला, पण त्याबद्दल त्याला कुणी जबाबदार धरलं नाही.

पुनव आली. महादेवम्मा दुपार कलताना उतरली, मुद्दामच. एसटीत तापून, बोळात भाजून ती तळघरात आली आणि पाटावर बसली. रेवणप्पा पायरीवर, पार्वतम्मा समोर. महादेवम्मा भिंती न्याहाळू लागली. रेवणप्पाच्या छातीत तिच्या एसटीचं इंजिन धडधडत होतं.

थोड्या वेळाने तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. आणखी थोड्या वेळाने पाय पोटाशी घेतले. मग गुडघ्याला लावायला पिशवीतली बाटली काढली, उलटी केली. काही पडेना. बाटली हलवली. तेल आत गोठून पांढरं झालं होतं. मे महिन्यात लातुरात खोबरेल गोठेल का, असं विचारणाऱ्याने तेव्हा त्या पाटावर येऊन बसायला हवं होतं.

"अय्यो, चळी! चळी!" महादेवम्मा दोन्ही दंड चोळत उठली. "इवाई, कांबळं हाय का घरात?"

रेवणप्पा एवढ्या जोराने हसला की माडीवरच्या साहेबाने खाली डोकावलं. पण महादेवम्मा हसत नव्हती.

"हसताय काय? बाळंतिणीला शेक लागतो, ऊब लागती. ह्या गारठ्यात तिचं अंग धरल, बाळाला पडसं हुईल. न्हाई धाडत मी."

रेवणप्पाचा हसरा चेहरा तिथेच गोठला, तेलासारखा. भट्टी म्हणून नको, आणि आता गारठा म्हणून नको! त्याला वाटलं, सगळं भुसकट उपटून या बाईच्या पिशवीत भरावं. त्याने पार्वतम्माकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत कधी नव्हे ते पाणी येईल, असं त्याला वाटलं.

पार्वतम्मा शांतपणे उठली, दाराशी गेली आणि ती पंजाएवढी झडप उघडली.

बोळातलं ऊन त्या भोकातून आत आलं, सोन्याच्या काठीसारखं, आणि थेट महादेवम्माच्या पायांवर पडलं. महादेवम्माने पाय मागे घेतले. मग पुढे केले. मग तेलाची बाटली त्या उन्हात धरली. तेल कडेकडेने सुटू लागलं.

"ऊन कुठं गेलंय, ईनबाई?" पार्वतम्मा म्हणाली. "ते दारात उभं केलंय. दुपारभर तिथंच उभं असतं, हाक मारायची वाट बघत. पाहिजे तेवढं आत बोलवायचं, शेक झाला की झडप लावायची. आधी ते मालक होतं. आता गडी हाय."

महादेवम्माने झडप स्वतः लावून बघितली. पुन्हा उघडली. पुन्हा लावली. नव्या खेळण्याशी पोर खेळावं तसं तिचं चाललं होतं. शेवटी ती पाटावर बसली आणि गुडघ्याला तेल चोळू लागली.

"ईनबाई," ती म्हणाली, "सून धाडते. पर एक अट हाय."

"बोला."

"तिच्यासंगं मी बी राहणार. देगलूरला लई ऊन हाय."

रुद्राणी आली, सासूसकट. महादेवम्माने तळघरातला एक कोपरा धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. माडीवरचे साहेबही दुपारी 'पाहणी'ला खाली येऊ लागले आणि पायरीवर बसूनच पेंगू लागले. जिल्हा माडीवर आणि थंडी तळघरात, असं लोक म्हणत. रेवणप्पा आता गोलाईत साहेबाचं नाव काढत नसे. "आमच्या घरातलं दार बघायला या," एवढंच म्हणे, आणि ते कुणी केलं हे विचारायच्या आधी सांगे.

रुद्राणीचे दिवस भरले, कळा आल्या त्या दुपार कलताना. सुईण आली, बायका आत गेल्या, आणि रेवणप्पाला हाकलून दिलं. स्वयंपाकघरातही थारा मिळेना, म्हणून तो बोळात, पांढऱ्या दारासमोर, उन्हात जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी ज्ञानोबाची म्हैस उभी होती. दार पूर्वीसारखं पुन्हा कधी उगवेल, ही आशा तिने सोडली नव्हती.

रेवणप्पा कान लावून उभा राहिला. काही नाही. लेकीचं कण्हणं नाही, सुईणीचा आवाज नाही, बांगडी वाजत नाही. गुळाच्या ढेपेतून आवाज यावा एवढंही काही नाही. आत काही विपरीत झालं असेल का? त्याने पत्र्यावर थाप मारली. थापसुद्धा भुसकटात जिरून गेली. त्याने डोकं दाराला टेकवलं आणि भस्माच्या रेघेसमोर, येणारेजाणारे करत होते तसे, हात जोडले.

तेवढ्यात झडप उघडली.

त्या पंजाएवढ्या भोकातून आधी गार वारा आला, आणि त्याच्या पाठोपाठ बारीक, चिडलेलं, जिवंत रडणं आलं. ते बोळभर पसरलं. समोरच्या घरातली बाई बाहेर आली. म्हशीने मान वळवून बघितलं.

झडपेत पार्वतम्माचा एक डोळा दिसला.

"नात हाय," ती म्हणाली. "अन आवं, जरा बाजूला व्हा. तुमच्या डोक्यानं ऊन अडलंय. पोरीला शेक द्यायचाय."